चिपची चाचणी डिझाइनच्या टेबलावरच ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साणंदचे चिप-कारखाने आणि धोलेऱ्याचा फॅब (सिलिकॉनवर चिप घडवणारा कारखाना) यांच्या बातम्या वडोदऱ्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मन लावून वाचतात. या बातम्यांत चाचणी येते ती कारखान्यातलं शेवटचं काम म्हणून. पण चिप तपासता येईल की नाही, हे ती बनण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. आत स्कॅनची, म्हणजे आतली बिटं ठरवण्या-वाचण्याची, सोय ठेवली नसेल, तर टेस्टर (चिप तपासणारं यंत्र) कितीही महागडा आणा, त्याच्या हाती फक्त बाहेरच्या पिना लागतात.

स्कॅनसाठी प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या (एक बिट साठवणाऱ्या घटकाच्या) इनपुटवर एक मल्टिप्लेक्सर (दोन वाटांपैकी एक निवडणारा स्विच) बसवून सगळे फ्लिप-फ्लॉप साखळीत ओवतात. स्कॅन-एनेबल (वाट निवडणारा सिग्नल) १ केलं की हवी ती बिटं आत सरकवता येतात. ते ० करून क्लॉकचा एक ठोका दिला की लॉजिकचं उत्तर त्याच फ्लिप-फ्लॉपमध्ये पकडलं जातं. पुन्हा १ करून ते बाहेर काढायचं. त्याच वेळी पुढचा पॅटर्न (चाचणीच्या बिटांचा संच) आत जातो.

समजा, १ लाख फ्लिप-फ्लॉपची एकच साखळी आहे आणि क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा आहे. एक पॅटर्न सरकवायला २ मिलिसेकंद, म्हणजे ५,००० पॅटर्नना १० सेकंद. टेस्टरचं भाडं सेकंदावर चढतं, त्यामुळे हे परवडत नाही. हेच फ्लिप-फ्लॉप १,००० साखळ्यांत वाटले तर काम १० मिलिसेकंदांत होतं. एवढ्या पिना अर्थातच नसतात, म्हणून आत जाताना डीकॉम्प्रेसर (थोड्या पिनांवरची बिटं अनेक साखळ्यांत पसरवणारा) आणि बाहेर पडताना कॉम्पॅक्टर (साखळ्यांची उत्तरं एकत्र आवळणारा) ठेवतात. इथे एक धोका असतो. सुरुवातीची किंमत न ठरवलेल्या मेमरीतून एखादं अनिश्चित बिट कॉम्पॅक्टरमध्ये शिरलं, तर त्याच्याबरोबर एक्सऑर होऊन एकत्र झालेली चांगली उत्तरंही वाया जातात. मेमरीभोवती बायपास आधीच ठेवावा लागतो.

सगळ्यात चकवणारा दोष साखळीतच असतो. शेजारचे दोन फ्लिप-फ्लॉप वेगळ्या क्लॉकवर असले आणि दुसऱ्याचा क्लॉक उशिरा पोहोचला, तर बिट एकाच ठोक्यात दोन पायऱ्या ओलांडतं. म्हणून कुठल्याही चाचणीआधी ००११००११ ही मालिका साखळीतून नुसती वाहवून पाहतात. ती एक ठोका लवकर बाहेर आली की होल्ड चुकल्याचा, म्हणजे ठोक्यानंतर बिट पुरेसा वेळ स्थिर न राहिल्याचा, संशय घ्यायचा. उपाय स्वस्त आहे: मध्ये एक लॉकअप लॅच (बिट थोडा वेळ रोखणारा घटक) घातला की अर्ध्या ठोक्याची सवड मिळते. मात्र सिलिकॉन हातात आल्यावर तो घालता येत नाही. क्लॉक-गेटचं (क्लॉक बंद-चालू करणाऱ्या फाटकाचं) टेस्ट-एनेबल मोकळं सोडणं आणि असिंक्रोनस रिसेट (क्लॉकची वाट न पाहणारा रिसेट) आतल्या लॉजिकवर टांगणं याही अशाच चुका, आणि त्या आरटीएल (चिपच्या डिझाइनचा कोड) लिहितानाच टाळायच्या असतात.

कव्हरेज (संभाव्य दोषांपैकी चाचणीत सापडणाऱ्यांचं प्रमाण) ९५ टक्के म्हणजे पुष्कळ झालं, असं वाटतं. विल्यम्स आणि ब्राउन यांच्या १९८१ च्या सूत्रात यील्ड (बनलेल्या चिपांपैकी चांगल्या चिपांचं प्रमाण) ९० टक्के धरून पाहा. पास झालेल्या दर १० लाख चिपांमागे सुमारे ५,२५० सदोष चिपा ग्राहकाकडे जातात. कव्हरेज ९९ टक्के केलं तरी सुमारे १,०५० उरतात. गाडीच्या ब्रेकमधल्या चिपला हा आकडा चालणारच नाही.

आता एकाच पॅकेजमध्ये अनेक डाय (चिपचे सिलिकॉनचे तुकडे) एकावर एक रचतात. प्रत्येक डाय चांगली असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर चार डायचं पॅकेज साधारण ८१ टक्के वेळाच चांगलं निघेल. एका खराब डायपायी तीन चांगल्या जातात. अशा रचलेल्या डायपर्यंत चाचणी पोहोचवण्यासाठीच आयईईई १८३८ हे मानक २०१९ मध्ये आलं. शिवाय मेटा आणि गूगल या दोघांनीही २०२१ मध्ये लिहिलं की, त्यांच्या सर्व्हरमधले काही प्रोसेसर कसलीही सूचना न देता चुकीची उत्तरं देतात. कारखान्यातून पास होऊन आलेली चिप वापरात असतानाही तपासत राहण्याकडे कल वाढला आहे तो यामुळे.

आमची मागणी साधी आहे. आपल्या शहरातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या डिजिटल डिझाइन प्रकल्पांना स्कॅन घालणं आणि फॉल्ट-कव्हरेजचा अहवाल जोडणं सक्तीचं करावं. योसिस (कोडपासून सर्किट बनवणारं) आणि फॉल्ट (स्कॅन घालून चाचणीचे पॅटर्न बनवणारं) ही साधनं मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. अहवालात न सापडलेल्या दोषांची यादी आणि प्रत्येकाचं कारणही असावं. परीक्षकांनी गुण द्यायचे ते त्या यादीवर.

आपले,
चिप-चाचणी क्षेत्रातील काही वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा