पोलिओचा नमुना आणि वितळलेला बर्फ

महोदय,

पीसीआर यंत्र काही तासांत विषाणू ओळखते, मग तो पेशींत वाढवण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न हल्ली जाणती माणसेही विचारतात. पोलिओ आणि त्याच्या भाऊबंद एन्टेरोव्हायरसांच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेला तंत्रज्ञ म्हणून चार शब्द लिहितो.

पीसीआरमधून विषाणूच्या जनुकांचा तुकडा सापडतो. विषाणू जिवंत आहे का, हे पेशीच सांगतात. १९४९ मध्ये बॉस्टनमध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी मज्जासंस्थेबाहेरच्या मानवी पेशींत पोलिओ वाढवून दाखवला आणि त्यातूनच पुढे लशीची वाट मोकळी झाली. आज मानवी स्नायूच्या गाठीतून आलेल्या ‘आरडी’ पेशींत अनेक एन्टेरोव्हायरस वाढतात, तर ‘एल-२०-बी’ या उंदराच्या पेशींवर पोलिओला चिकटण्यासाठी लागणारे मानवी प्रथिन बसवलेले असल्याने त्यांत प्रामुख्याने पोलिओच शिरतो. एन्टेरोव्हायरसांपैकीच कॉक्सॅकी ए गटातले काही हट्टी प्रकार मात्र कुठल्याच पेशींना सहजी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी नवजात उंदीरच लागतात. विषाणू वाढला, की काल फरशीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या पेशी आज मायक्रोस्कोपखाली गोल, चकचकीत होऊन काचेवरून सुटताना दिसतात.

पण हे सारे नमुन्यावर अवलंबून असते. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेऊन ते बर्फात पाठवायचे असतात. एकदा एका जिल्ह्यातून आलेला डबा आम्ही उघडला, तर बर्फाचे कोमट पाणी झाले होते. सोबतच्या कागदावर मात्र ‘शीतसाखळी सुस्थितीत’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. आम्ही रोज पेशी निरखल्या, पुन्हा ताज्या पेशींत घालून पाहिले, काहीच उठले नाही. मुलाच्या आतड्यात पोलिओ नव्हताच की तो वाटेत मेला, हे त्या काचेवरून सांगता येणे शक्य नव्हते.

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्रही मिळाले. शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मात्र विषाणू टिकून राहिला. म्हणून आरोग्य खात्याला विनंती अशी, की प्रत्येक डब्यात तापमान नोंदवणारे उपकरण ठेवावे आणि जिल्ह्याला परत जाणाऱ्या अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ या ओळीशेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत, नमुना कोणत्या अवस्थेत पोहोचला तेही छापावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मुंबई