भैरवीने सुरू होणारी तबकडी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चरणजितसिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या तबकडीवरचा लेख वाचला. पडद्यामागे राहिलेल्या मुंबईच्या एका सिनेवादकाला अर्धं पान दिलंत, याचा मनापासून आनंद झाला. पण लेख सगळा शिकागोभोवतीच फिरला. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही धून तिथे १९८७ मध्ये आली, अ‍ॅसिड हाउस हा यंत्रांवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचा प्रकार गाजला आणि तसलाच आवाज मुंबईत १९८२ मध्ये निघाला होता, म्हणून ही तबकडी मोठी. रागांबद्दल मात्र एक ओळही नाही!

मी मिरजेत हार्मोनियमची साथ करतो. त्याआधी गणपतीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. त्यामुळे या तबकडीतली दोन्ही घरं मला माहेरासारखी.

तिचा पहिला राग कोणता, तर भैरवी. आपल्याकडे भैरवी लागली की मैफल संपली. इथे तिच्यापासून सुरुवात! पुढे ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. तोडीपासून क्रम धरून बघा. सकाळ, दुपार, मध्येच पावसाची सर, सांज, मध्यरात्र आणि पुन्हा पहाट. ललतनंतर आलेला भूप तेवढा या क्रमात बसत नाही. मिरजेतल्या कुठल्याही श्रोत्याला हे पहिल्या फेरीत जाणवेल, पण परदेशी समीक्षकाकडून त्याची अपेक्षा कशी करायची? ते आपणच सांगायला हवं होतं.

यंत्रांबद्दलही थोडं लिहितो. ठेका टीआर-८०८ या ठेक्याच्या यंत्राचा, खर्जातली सुरावट टीबी-३०३ ची आणि राग वाजतो ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर. तिन्ही रोलंड या जपानी कंपनीची. ३०३ हे यंत्र बनवलं गेलं बेस गिटारवाल्याच्या जागी. सोळा घरांत स्वर भरायचे आणि कुठल्या घरातून पुढच्या घरात स्वर घसरत न्यायचा ते ठरवून ठेवायचं. हे घसरणं ऐकताना माझ्यासारख्याच्या पोटात कालवतं. हार्मोनियमला मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं, नाही, हे दुःख आम्ही जन्मभर वागवतो. याच कारणाने १९४० पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. आणि इथे पट्ट्यांच्याच वाद्यावर हा माणूस एका स्वरातून दुसऱ्यात अलगद उतरतो.

दोषही सांगतो. ललतचा जीव शुद्ध आणि तीव्र अशा दोन मध्यमांत. माझ्या एका विद्यार्थिनीला तो तुकडा ऐकवला. तिने मध्येच आवाज बंद केला, तानपुरा जुळवला आणि तेच दोन मध्यम सावकाश लावून बघितले. "सर, इथे थांबायला जागाच नाही," म्हणाली. खरं आहे तिचं. जेमतेम पाच मिनिटांचा राग, ठेका पहिल्यापासून धावता. घरं सोळा असली तरी त्रितालासारखी खाली, म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा, नाही, त्यामुळे समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढही नाही. याउलट मालकंस आणि कलावती त्या धावत्या ठेक्यावर छान उभे राहतात. पाचच स्वर, मोठ्या उड्या. ही निवडही कान असलेल्या माणसाची आहे.

तबकडी निघाली तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. सिनेमावाल्यांना त्यात गाणं सापडेना, शास्त्रीयवाल्यांना तबला. एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती २००२ मध्ये दिल्लीतल्या दुकानात लागली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. तेव्हा काहींना हे १९८२ चं काम आहे यावरच विश्वास बसेना. कुणा इंग्रज संगीतकाराने केलेली फसवणूक असावी, अशी शंका घेतली गेली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवलं, त्याच्या स्वतःच्या नावाच्या तबकडीवर हा संशय! वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. उतारवयात त्यांना युरोपात वाजवायला बोलावणी आली, एवढं तरी समाधान. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

एकच विनंती. पुरवणीत आणखी एक पान द्या आणि या वेळी ते एखाद्या गवयाकडून किंवा सतारियाकडून लिहून घ्या. मेघमल्हाराबद्दल मी मुद्दामच काही लिहिलेलं नाही. तो कसा वाजलाय, ते त्यांच्याकडून वाचायचं आहे.

आपला,
एक हार्मोनियमवादक, मिरज