सूक्ष्मदर्शक कपाटात का राहतो? मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जिल्हा परिषद शाळांतील साहित्य शाळाशाळांत आणि विभागाविभागांत वापरू देण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे जवळपासच्या दहा-बारा शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणारी म्हणून, काम केलं. आता निवृत्त आहे. नवं साहित्य मागण्यासाठी हे पत्र नाही. शाळांकडे आलेलं साहित्य कपाटातून बाहेर पडावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. सुरुवात माझ्याच कपाटापासून करते.

मी मुख्याध्यापिका असताना आमच्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक मिळाला. चांगला, थर्माकोलच्या खोक्यात बसवलेला. चार किलोमीटरवरच्या वाडीच्या शाळेतही सातवीपर्यंत वर्ग होते. तिथले गुरुजी एका शनिवारी शाळा सुटल्यावर आले. म्हणाले, "बाई, दोन दिवस द्या. पेशीरचनेचा पाठ चालू आहे, पोरांना कांद्याचा पापुद्रा दाखवतो." मी नाही म्हटलं. द्यावासा वाटत होता, पण मन धजावलं नाही. शेजारच्या केंद्रातल्या एका मुख्याध्यापकांचं निवृत्तीचं प्रकरण ना-देय दाखल्यासाठी, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, अडकलेलं मी नुकतंच पाहिलं होतं. चार्जच्या, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या वस्तूंच्या यादीत एक पृथ्वीगोल आणि एक बाजाची पेटी होती, खोलीत नव्हती. पेटी कुठल्याशा स्नेहसंमेलनासाठी दुसऱ्या शाळेत गेली होती आणि नेणाऱ्याची सही कुठेच घेतलेली नव्हती. त्यांनी पदरचे पैसे भरले, तेव्हा दाखला हातात पडला.

वाडीच्या पोरांनी पेशी फळ्यावरच्या आकृतीतच पाहिली. आमचा सूक्ष्मदर्शक पावसाळ्यांमागून पावसाळे खोक्यात राहिला. माझी बदली झाली तेव्हा चार्ज देताना तो बाहेर काढला, तर भिंगावर बुरशीची जाळी धरली होती. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे 'सुस्थितीत' असा शेरा होता. त्या गुरुजींना नाही म्हटल्याचं मला आजही वाईट वाटतं.

ही गोष्ट एका बाईच्या भित्रेपणाची असती तर मी ती मनातच ठेवली असती. पण केंद्रप्रमुख म्हणून शाळा फिरले तेव्हा जवळपास प्रत्येक कपाटात मला तो सूक्ष्मदर्शक भेटला. कुठे प्रोजेक्टरच्या रूपात, कुठे प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेल्या गणित पेटीच्या रूपात. शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरची रीतच अशी आहे की वस्तू कुलपात असली की मुख्याध्यापक निर्धास्त, बाहेर गेली की त्याची झोप उडते. वापरताना तुटलेल्या वस्तूची धास्ती आणि हरवलेल्या वस्तूची धास्ती सारखीच. तपासणीला येणारे साहेब वस्तू आहे का, ते बघतात. ती शेवटची कधी वापरली, हे माझ्या सगळ्या सेवेत मला कुणी विचारलं नाही. शाळांची माहिती भरायच्या यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावरही आपण संख्या भरतो, चालू किती ते भरतो. ती वस्तू वर्षातून किती दिवस मुलांच्या हातात होती, याला तिथे जागा नाही.

त्यात एकाच खोलीतल्या वस्तूंचे मालक वेगवेगळे. काही साहित्य समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आलेलं, काही जिल्हा नियोजन समितीच्या निधीतलं, टीव्ही ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून घेतलेला, टॅब एखाद्या कंपनीने दिलेले. टीव्हीची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला, टीव्ही शाळेच्या भिंतीवर. तो बिघडला की दुरुस्ती कुणी करायची, या प्रश्नात वर्ष निघून जातं आणि पडदा काळाच राहतो.

वजनकाट्याचं सांगते. मुलांची उंची आणि वजन आम्हाला प्रगतिपत्रकावर लिहावं लागतं. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत काटा बिघडलेला होता. उंचीसाठी बाईंनी भिंतीवर खडूने खुणा केल्या होत्या, वजनासाठी मुलं रांगेने किराणा दुकानात नेली होती. त्याच आवारात, हापशाच्या पलीकडे अंगणवाडी होती आणि तिथे पोषण अभियानातून आलेला चांगला काटा आणि उंची मोजायचं साधन होतं. मी अंगणवाडीताईंना विचारलं तर त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "बाई, द्यायला काही नाही, पण ते माझ्या नावावर आहे ना." माझंच जुनं उत्तर मला परत ऐकू आलं. मूल तेच असतं. सहा वर्षांचं झालं की हापशाच्या अलीकडे येतं, एवढंच. पण अंगणवाडी महिला व बालविकासाची, जिल्हा परिषद ग्रामविकासाची आणि शाळा आपल्या खात्याची. म्हणून काटा तीस पावलंही चालत येऊ शकत नाही.

महोदय, 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेच्या निकषाने वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता. त्यातून प्रयोगाचं साहित्य काय घेणार? 2023 मध्ये शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विचार मांडला, तेव्हा लहान शाळेत मुलांना पुरेशा सुविधा मिळत नाहीत, असं सांगितलं गेलं. ते खरं आहे. पण सहा वर्षांच्या लेकराला ओढा ओलांडून साहित्यापाशी नेण्याआधी, साहित्य लेकरापाशी नेऊन बघायला नको का? प्रोजेक्टर मोटारसायकलवर पाठीवरच्या पिशवीत मावतो. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतातच. देवाणघेवाण तिथेच होईल, गाडीभाड्याचाही प्रश्न नाही. कबड्डीच्या मॅट वर्षातून चार दिवस लागतात, त्या प्रत्येक शाळेने घ्यायचं काहीच कारण नाही.

हे जमणार नाही असं कुणी म्हटलं तर त्यांना निवडणुकीची आठवण करून द्यावी. मतदानाच्या आदल्या दिवशी आम्हीच शिक्षक तालुक्याला जातो, यंत्राचा क्रमांक पडताळतो, सही करून ताब्यात घेतो, एसटीने गावी नेतो. दुसऱ्या दिवशी मतदान पार पाडतो आणि रात्री, कितीही उशीर झाला तरी, परत जमा करून पावती घेतो. पावती हातात पडली की त्या यंत्राची आमच्यावरची जबाबदारी संपली. त्याच हातांना सूक्ष्मदर्शकासाठी तशी पावती मिळत नाही.

म्हणून विनंती आहे की, तात्पुरत्या हस्तांतरणाची एक पावती शासन निर्णयाने अधिकृत करावी. कोणती वस्तू, कुठल्या तारखेपर्यंत, कोणत्या अवस्थेत, आणि दोन सह्या. घेणाऱ्याची सही पडली की जबाबदारी त्याच्याकडे जाईल, हे निर्णयात स्वच्छ लिहावं. रीतसर वापरात झालेल्या मोडतोडीची वसुली कुणाच्याही पगारातून होणार नाही, हेही लिहावं. या एका वाक्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ते नसेल तर पावती छापून उपयोग नाही. केंद्राच्या आत वस्तू फिरवायला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्राची वाट बघायला लागू नये. केंद्रातल्या मोजक्या महागड्या वस्तूंची एकच यादी केंद्रशाळेत असावी आणि नव्या खरेदीची मागणी करण्यापूर्वी ती बघणं बंधनकारक करावं. वस्तूवर शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक आणि पुढे अनुक्रमांक ऑइलपेंटने घातला की ओळख पक्की. यासाठी नवीन ॲप मात्र काढू नये. शिक्षकांच्या मोबाईलमध्ये आधीच पुष्कळ आहेत. एक जाड वही पुरे.

अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीकडच्या वस्तूंसाठी तिन्ही खात्यांचं संयुक्त परिपत्रक लागेल. ते आपणच पुढाकार घेऊन काढू शकता, कारण तिन्हींतली मुलं शेवटी आपल्या शाळेत येतात.

निर्लेखनाचं, म्हणजे निकामी वस्तू रजिस्टरवरून रीतसर काढून टाकण्याचंही बघावं. मोडके बाक, बंद पडलेले सीपीयू, फाटलेले नकाशे यांनी कितीतरी शाळांची एक अख्खी खोली अडवली आहे. फेकता येत नाहीत, कारण रजिस्टरला आहेत. दरवर्षी बदल्यांच्या आधी केंद्रावर एक दिवस निर्लेखनासाठी ठेवला, तर चार्ज घेणाऱ्यांवरचं ओझंही उतरेल आणि एक वर्गखोलीही मोकळी होईल.

केंद्रप्रमुखांची पदं रिकामी आहेत आणि एकेकाकडे दोन-तीन केंद्रं आहेत, याची मला जाणीव आहे. अशा ठिकाणी ही वही केंद्रशाळेतल्या एखाद्या इच्छुक शिक्षकाकडे द्यावी आणि त्या बदल्यात त्याचं दुसरं एखादं अशैक्षणिक काम काढून घ्यावं.

पावतीचा एक नमुना तयार करून या पत्राच्या मूळ प्रतीसोबत आपल्या कार्यालयाला पाठवला आहे. एकाच पानाचा आहे. मागची बाजू कोरी ठेवली आहे, वस्तू परत करताना तिची अवस्था आणि ती किती मुलांनी वापरली, ते लिहायला.

आपली नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख