‘इस्राएल’ या एका शब्दाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत ज्यू धर्मग्रंथांवर एक लेख आला होता. त्यात तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातले एक वाक्य दिले होते (‘इस्राएल’ म्हणजे इथे ज्यू समाज) : ‘जो इस्राएलातला एक जीव वाचवतो, त्याने सारे जग वाचवले असे समजावे.’ त्यावरून लेखकाने असे ठरवून टाकले की या ग्रंथाची करुणा स्वकीयांपुरतीच आहे. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाने पत्र लिहून तेच वाक्य ‘इस्राएल’ वगळून दिले आणि लेखकाने तो शब्द पदरचा घातल्याचा आरोप केला. या दोघांपैकी खोटे कोणीच लिहिलेले नाही. एकाच्या हाती छापील पाठ आला, दुसऱ्याच्या हाती हस्तलिखितांतला. वाक्य नेमके कुठून घेतले, ते मात्र दोघांनीही सांगितले नाही. म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले. निवृत्त झाल्यावर हिब्रू लिपी शिकले, मग जमेल तेवढी अरामी, आणि आता नऊ वर्षे रोज सकाळी मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, वाचते. मी पंडित नाही. पण पानावर शब्द कसा शिरतो आणि कसा गळतो, हे मी जन्मभर पाहिले आहे.

वाक्य मुळात मिश्नेतले. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी (ज्यू धर्मपंडित) येहुदा हानासी यांनी मिश्ना सिद्ध केली. तिच्यावर पुढे पॅलेस्टाइन आणि बॅबिलोनियात पिढ्यानपिढ्या जो खल झाला, त्यातून दोन तालमूद तयार झाले, जेरुसलेमी आणि बॅबिलोनी. मिश्नेची वाक्ये त्यांतही येतात. ‘सान्हेद्रिन’ हे प्रकरण न्यायालयांचे आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात देहदंडाच्या खटल्यातले साक्षीदार आत बोलावले जातात आणि तोंड उघडण्यापूर्वी त्यांना धाक घातला जातो. तुम्ही अंदाजाने बोलत नाही ना? ऐकीव सांगत नाही ना? पैशाच्या खटल्यात चुकलेला माणूस पैसे भरून मोकळा होतो. इथे मात्र मरणाऱ्याचे रक्त, आणि त्याच्या वंशात जे जन्मलेच नाहीत त्यांचेही रक्त, जगाच्या अंतापर्यंत साक्षीदाराच्या माथी राहते. पुरावा म्हणून काइन आणि हाबेल या आदामाच्या मुलांची गोष्ट येते. काइन आपल्या भावाला मारतो. हाबेलच्या खुनानंतर देव काइनला जे बोलतो त्यात ‘रक्त’ हा शब्द हिब्रूत अनेकवचनी आहे. म्हणजे त्याचे रक्त आणि त्याच्या संततीचे रक्त, असे मिश्ना त्यातून काढते.

आणि मग ते वाक्य येते : म्हणूनच आदाम एकटा निर्माण झाला, हे शिकवायला की जो एक जीव नष्ट करतो त्याने भरले जग नष्ट केले, आणि जो एक जीव राखतो त्याने भरले जग राखले. मिश्ना इथेच थांबत नाही. आदाम एकटा निर्माण झाला तो माणसामाणसांत सलोखा राहावा म्हणूनही. कोणी कोणाला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर’ असे म्हणू नये. पुढे नाण्यांचा दाखला येतो. माणूस एका ठशाने शंभर नाणी पाडतो, ती सारी सारखी. देव मात्र प्रत्येकाला आदामाच्या ठशाने घडवतो आणि एकही दुसऱ्यासारखा निघत नाही.

हा सगळा उतारा आदामापासून सुरू होतो. आदाम काही इस्राएलपुरता नव्हता. बाप एकच म्हणून सारे समान, असे सांगणाऱ्या उताऱ्याच्या मधोमध ‘इस्राएलातला’ हा शब्द बसत नाही. पहिल्यांदा वाचताना मी तिथेच अडखळले. मुद्रित तपासताना जिथे नजर अडते, तिथे पुष्कळदा मूळ प्रत काढून पाहावी लागते.

मूळ प्रत काढायची ती कुठून? मिश्नेच्या अभ्यासकांना सर्वांत मोलाची वाटणारी प्रत बुडापेस्टला हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. तिला काउफमान हस्तलिखित म्हणतात. पान दोन स्तंभांचे, अक्षर चौकोनी आणि ठसठशीत. व्यंजने एकाने लिहिली आणि स्वरखुणा नंतर दुसऱ्याने घातल्या. तिची छायाचित्रे कोणालाही पाहता येतात. मी पडद्यावर ते पान मोठे करून अक्षर अक्षर लावले. हिब्रूत दालेत आणि रेश या दोन अक्षरांत फरक केवळ एका कोपऱ्याचा, त्यामुळे घाई करून चालत नाही. ‘नेफेश अहत’, म्हणजे एक जीव, आणि पुढे लगेच क्रियापद. मधे ‘मियिस्राएल’, म्हणजे ‘इस्राएलातला’, नाही. मी ती ओळ तीनदा वाचली, आणि सांगायला संकोच वाटत नाही, डोळे भरून आले.

हा माझा शोध नव्हे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले एफ्राइम उर्बाख यांनी १९७१ मध्ये हस्तलिखिते आणि जुने उतारे शेजारी शेजारी ठेवून या वाक्याचा प्रवास उलगडला आणि ‘इस्राएल’ नसलेला पाठ मूळचा ठरवला. आज घरोघर वापरली जाणारी तालमूदची विल्ना आवृत्ती (१८८० ते १८८६) मात्र तो शब्द छापते. आपल्या लेखकाला बहुधा तोच पाठ मिळाला असावा. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ एकाच पत्रात झाला म्हणतात. इथे कोणी कपट केले असे मला वाटत नाही. लेखनिकाच्या हाताला ओळखीचे शब्द एकत्र लिहायची सवय जडते, एवढेच माझे अनुमान आहे.

असे पाठ तपासायला जुन्या प्रती हव्यात, आणि त्या फार थोड्या उरल्या आहेत. १२४२ मध्ये पॅरिसला आणि १५५३ मध्ये रोमला तालमूदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. बॅबिलोनी तालमूदची जवळजवळ पूर्ण अशी एकच हस्तलिखित प्रत शिल्लक आहे. ती १३४२ सालची, म्युनिकला आहे. रफाएल राबिनोविच यांनी १८६७ पासून तिच्यातले आणि छापील आवृत्तीतले फरक खंडामागून खंड छापले. हयातीत पंधरा खंड झाले. या जातीच्या कष्टाची किंमत मला ठाऊक आहे. जेरुसलेमी तालमूदच्या लायडनच्या हस्तलिखिताचा लेखनिक १२८९ मध्ये शेवटी लिहून ठेवतो की त्याच्यासमोरची प्रत चुकांनी भरलेली होती, आणि जमले तेवढे त्याने आपल्या समजुतीने सुधारले. त्याच्या काही ‘सुधारणा’ आता पुन्हा मागे घ्याव्या लागतात. तरी तो नसता तर त्या ग्रंथाचा बराच भाग आज आपल्याला दिसलाच नसता.

एका शब्दाचा एवढा कीस का पाडायचा, असे कोणी विचारील. १८७१ मध्ये आउगुस्ट रोलिंग या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने तालमूदमधली म्हणून मोडतोड केलेली वचने छापली आणि ती हजारोंनी वाचली. व्हिएन्नाच्या योसेफ ब्लोख यांनी त्याला जाहीर आव्हान दिले. रोलिंगने दावा लावला आणि १८८५ मध्ये तो मागे घेतला. वचने मात्र फिरतच राहिली. म्हणून ‘तालमूद म्हणते’ एवढ्यावर थांबू नये. कोणते प्रकरण, कोणता रब्बी, कोणती प्रत, हे विचारायला हवे. तालमूदमध्ये एक रब्बी एक म्हणतो, दुसरा त्याला खोडतो आणि अनेकदा निवाडा होतच नाही. त्यातला एकच आवाज उचलून तो ग्रंथाच्या तोंडी घातला, तर ती खोटी साक्ष होते.

आणखी एक. त्या वाचकालाही सांगायला हवे की छापील पाठ शेकडो वर्षे विद्यार्थ्यांनी वाचला, त्यावर भाष्ये लिहिली. तो खोडून टाकायचा नसतो. चांगली संशोधित आवृत्ती दोन्ही पाठ देते, एक वर आणि एक तळटीपेत.

माझी विनंती एवढीच की या वाक्याचा खुलासा त्याच पुरवणीत, लेख आला होता त्याच जागी छापावा. सोबत काउफमान हस्तलिखिताच्या त्या पानाची आणि विल्ना आवृत्तीच्या त्याच उताऱ्याची प्रत जोडली आहे. दोन्हींवर ‘नेफेश अहत’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. हिब्रू येत नसले तरी पुढचा शब्द दोन्हींत वेगळा आहे, हे दिसेल.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक