वाटीखालचा ठिपका

रामबाग, इंदूर

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई रडते आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहितेय. मी ग्वाल्हेरला राहायला येत नाही. बाबांनी वरची खोली रंगवून घेतली हे दादाकडून कळलं, म्हणून तर पत्राला तीन आठवडे लागले. आणि मागच्या रविवारी दादा-वहिनींना मी सांगून टाकलं. गोळ्या थायरॉईडच्या नाहीत, एचआयव्हीच्या आहेत, हे. वहिनी गप्प बसली, मग चहा टाकायला उठली. माझ्यासाठीही टाकला.

आई, रागावू नकोस. माझं इथे बरं चाललंय. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, टाकी भरून ठेवते. रात्री नऊला जेवण, एक गोळी, झोप. औषध सरकारी, फुकट. यंदाच्या तपासणीत विषाणू सापडलाच नाही इतका दबलाय. गोळी न चुकवता असाच राहिला तर नवरा-बायकोच्या संबंधातूनही जात नाही म्हणतात. (हे तुम्हाला लिहिताना कान तापले.) ताटवाट्यांतून तर तो कधीच जात नव्हता. चिनूचा अठराव्या महिन्यातला रिपोर्ट आठवतो? निगेटिव्ह वाचून बाबा रिक्षा न करता राजवाड्यापर्यंत चालत गेले आणि किलोभर जिलबी घेऊन आले. खाणारे आपण तिघं.

महिन्यातून एकदा माझ्यासारख्याच आम्ही दहा-बारा जणी बसतो. रडारड कमीच. गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून एकीने आत कापूस भरलाय, दुसरीची तांदळाच्या डब्यात असते. एकीला सासरी बाहेर काढत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने राहत्या घरातून असं काढता येत नाही, हे तिला तिथेच कळलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी नियमित करायची असते, हे मला तिथल्याच एका मावशींनी सांगितलं. नऊ वर्षांत दुसरं कुणी बोललं नव्हतं.

मग एकदा विषय निघाला, कुणाकुणाचं ताट वेगळं होतं. सगळ्यांचे हात वर. मीही सांगितलं, माझ्या वाटीखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

मला माहीत होतं गं आई. तू घाबरली होतीस, घरात दादाची लहान मुलं. ताप आला की रात्रभर माझ्या उशाशी बसणारी तूच, आणि ठिपका लावणारीही तूच. तेव्हा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. आता नाही लागत.

आमच्या बैठकीला नव्या बाई येतात तेव्हा पहिल्या दिवशी शेजारी बसायला कुणीतरी लागतं. मला विचारलं, मी हो म्हटलं. म्हणून इथेच राहतेय. माझं नाव बाहेर जाणार नाही, तिकडे दौलतगंजात कुणाला काही कळणार नाही.

आता ऐका. दार-खिडक्या लावून सिगडी पेटवू नका, कितीही थंडी असू दे. बाबांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मला नऊ वर्षं दटावलंत, आता माझी पाळी. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात नाही, गुडघ्याला लावावा. मनात शंका असेल तर १०९७ ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पडत नाहीत.

चिनूला सुट्टी लागली की मे महिन्यात येतो, चांगले पंधरा दिवस. वरच्या खोलीतच राहू. रंग कोणता दिलाय, दादा सांगत नाहीये.

तुमची,
बेबी