ताई, बाबांचा हात तुम्ही लपवायला सांगितला नाहीत

ताई,

तुम्ही काढलेले आमच्या घरचे फोटो परवा मिळाले. पहिला उघडला तेव्हा मी बसमध्ये होते. पुढचे दोन स्टॉप खिडकीबाहेर तोंड करून बसले. पैसे देताना तुमचे आभार मानले होते, पण ते घाईतले. खरं म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं त्या एका दुपारी कळलं.

बाबांना कंपवात होऊन ६ वर्षं झाली. उजवा हात नुसता मांडीवर ठेवला की थरथरतो. चेहऱ्याचे स्नायू आखडलेत, त्यामुळे आतून कितीही आनंद झाला तरी तो तोंडावर उमटत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, हे कायम रागावलेले. ३ वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात फोटोवाल्याने आम्हाला स्टेजवर तीन रांगांत उभं केलं आणि ओरडला, "आजोबा, हसा की जरा! हात हलवू नका!" बाबांनी एका हाताने दुसरा हात आवळून धरला. ताण आला की तो जास्तच हलतो. मग तो म्हणाला, "आजोबांना मागे घ्या, म्हणजे हात दिसणार नाही." भरल्या मांडवासमोर. बाबा मुकाट्याने मागे गेले, आणि आमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. ते मला अजून लागतं. अल्बममध्ये बाबांचा फक्त फेटा दिसतो. त्यानंतर घरात कुणी मोबाइल जरी वर धरला तरी ते उठायचे आणि गोठ्याकडे जायचे. "तुमचं चालू द्या," म्हणायचे.

म्हणून आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हा तुम्हाला बोलवायचं की नाही, यावरूनही घरात वाद झाला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वाईला आलात. आम्ही १४ जण सवयीने अंगणात उन्हात रांग करून उभे. तुम्ही सगळ्यांना ओसरीच्या सावलीत आणलंत. कुणी पायरीवर, कुणी खांबाला टेकून. वहिनींना म्हणालात, धाकटीची वेणी घालायची राहिलीय ना, घाला की. दादाने विचारलं, ताठ नको का बसायला? तेव्हा तुम्ही सांगितलंत की १८४०च्या आसपास एका फोटोला मिनिटं-मिनिटं लागायची, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावायचे. आता सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, मग माणसाने दगडासारखं का बसायचं? दादाचे खांदे तिथेच खाली आले.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, हात उपरण्याखाली. तुम्ही ते पाहिलंत. मी तुमच्याकडेच बघत होते, मला धास्ती होती. तुम्ही काही बोलला नाहीत. कॅमेरा खाली ठेवलात, ओसरीवर ओल्या भुईमुगाच्या शेंगांचं सूप होतं ते ओढलंत आणि बाबांच्या पायाशी मांडी घालून बसलात. "बाबा, माझ्याने या नीट फुटत नाहीत. कशा फोडता?"

उपरण्याखालून हात बाहेर आला. अंगठा शेंगेच्या टोकावर दाबला, टक् असा आवाज झाला, आणि ओले गुलाबी दाणे तुमच्या तळहातावर पडले. हाताला काम मिळालं की त्यांची थरथर कमी होते. डॉक्टरांनी सांगितलेलं आम्हाला ठाऊक होतं, पण फोटोच्या वेळी त्याचा उपयोग करावा असं ३ वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. वीस मिनिटं तुम्ही नुसत्या शेंगा फोडल्यात. आई आली, नाती आल्या, सगळं घर त्या सुपाभोवती गोळा झालं. तुम्ही कधी उठलात आणि कधी कॅमेरा उचललात, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ताई, गेल्या महिन्यात बँकेत बाबांची सही जुळली नाही. या आजारात अक्षर बारीक होत जातं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता फॉर्म परत सरकवला. शेजारच्या टेबलावरच्या एक बाई उठून आल्या, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "सावकाश करा, मला घाई नाही." अशी माणसं भेटतात म्हणून बाबा अजून घराबाहेर पडतात. ती काही मोठं करत नाहीत. समोरच्याला त्याचा वेळ देतात, आणि त्याची अडचण चारचौघांत बोलून दाखवत नाहीत. हे शिकवून येत असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या तरी घरात ते पाहिलेलं असावं लागतं. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

मोठा करून लावलाय तो फोटो तुम्हाला आठवत असेल. आई काहीतरी सांगतेय, धाकटीची वेणी अर्धीच आहे, बाबा नातीच्या हातावर दाणे ठेवताहेत. ओठ तसेच आहेत, पण डोळे बघा त्यांचे. फोटो पाठवताना तुम्ही विचारलं होतंत, डावीकडचा हात किंचित हललेला आलाय, दुसरा निवडू का? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "हाच. हात त्यांचाच आहे ना."

बाबांनी शेंगा वाळवून तुमच्यासाठी एक पिशवी बांधून ठेवलीय. रोज विचारतात, गेली का? पत्ता तेवढा कळवा.