बाहेरच्या पाहुण्यांबद्दल, सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "म्हणजे आता पाहुण्यांची ऊठबस करणं हेच तुझं काम का?" तासाला उशीर होत होता, म्हणून "हो, तसंच" म्हणून फोन ठेवला. नंतर दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला त्रास होणार नाही.

शिकवणं सुटलेलं नाही. पण आमच्या लॉ स्कूलमध्ये परदेशांतून जे प्राध्यापक येतात, त्यांची जबाबदारी चार वर्षांपूर्वी मी मागून घेतली. कुणी आठवडाभर असतं, कुणी अख्खं सत्र. यातलं बरंचसं काम कागदपत्रांचं. निमंत्रणात 'व्याख्यान' म्हणायचं की 'संशोधन', मानधन आहे की नाही, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो. तिथला एखादा चुकीचा शब्द पाहुण्याला महागात पडतो. मग ग्रंथालयाचं ओळखपत्र, बसायची खोली, तिची किल्ली. दारावरची पाटीसुद्धा विचारून करून घ्यावी लागते, कारण कोरियन आणि हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, स्पॅनिश माणसाला बहुधा दोन आडनावं असतात. हे सगळं आता हाताला बसलं आहे.

पहिल्या वर्षी जे जमलं नाही, ते मात्र मनातून जात नाही. एक ज्येष्ठ प्राध्यापिका आल्या होत्या. भाडेकरूंच्या हक्कांवरचा आपला चाळीस पानी मसुदा त्यांनी तीन आठवडे आधी पाठवला होता, चर्चेसाठी. मी तो सगळ्यांना पुढे धाडला आणि बाईंचा आठवडा गच्च भरून टाकला: तीन व्याख्यानं, वरिष्ठांच्या भेटी, फोटो. चर्चेच्या दिवशी त्या अर्धा तास बोलल्या आणि आमच्याकडे बघत थांबल्या. मसुदा कुणीच वाचला नव्हता. मीही नाही.

शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं हात वर केला: "मॅडम, हे कुठल्या निकालात म्हटलंय?" आमची मुलं निकालांवर वाढलेली, नियम हवा की आधी खटला शोधतात. बाईंच्या देशात कायदा संहितेत बांधलेला; फ्रान्सची नागरी संहिता १८०४ची, जर्मनीची १९०० साली लागू झाली, त्याच घराण्यातली त्यांची. तिथे आधी कलम उघडतात. बाई एकदम खुलल्या. कलमातच सगळं असेल तर न्यायाधीशानं काय करायचं, यावर त्या दोघींचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. त्या आठवड्यात खरं काही घडलं असेल तर ते एवढंच. निघताना बाईंनी माझ्याकडची प्रत मागितली, समासात कुणी काही लिहिलं असेल म्हणून. सगळी पानं कोरी होती, आई. ती प्रत त्यांच्या हातात देताना वर बघवलं नाही.

बाबा, आता खास तुमच्यासाठी एक गोष्ट. फेब्रुवारी १९६५मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाचे डीटर कॉनराड बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात व्याख्यान द्यायला आले होते. जर्मनीच्या १९१९च्या राज्यघटनेला १९३३ नंतर कसं पोकळ केलं गेलं, हे त्यांच्या देशानं भोगलं होतं. म्हणून तर तिथल्या १९४९च्या घटनेनं कलम ७९(३) घालून काही गोष्टी दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवल्या. कॉनराड यांनी आपल्याला विचारलं: घटनादुरुस्ती करून कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, काढून टाकता येईल? मोगल बादशाही परत आणता येईल? ते व्याख्यान ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्या हाती लागलं आणि सर्वोच्च न्यायालयात गोलकनाथ खटल्यात, जिथे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येतात का हा प्रश्न होता, त्यांनी घटनादुरुस्तीलाही मर्यादा असतात हा मुद्दा मांडला. १९६७च्या त्या निकालात न्यायालयानं तो अनिर्णित ठेवला. पण २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी सांगितलं, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही. त्या सातांतल्या न्यायमूर्ती खन्नांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा उताराच दिला आहे. तुम्ही आणीबाणीबद्दल सांगता ना, त्याच काळात, नोव्हेंबर १९७५मध्ये, हा निकाल फिरवण्यासाठी पुन्हा तेरा जणांचं पीठ बसलं होतं. दोन दिवसांत ते बरखास्त झालं आणि निकाल टिकला.

त्या व्याख्यानाला बनारसमध्ये कोण कोण बसलं होतं, याचा मी फार विचार करते. नुसतं टाळ्या वाजवून सगळे उठले असते आणि ते कागद कपाटात गेले असते तर?

म्हणून आता मी तारीख ठरवण्याआधी दोन माणसं ठरवते, पाहुण्याचा निबंध अथपासून इतिपर्यंत वाचणारी. ती मिळाली नाहीत तर तसं स्पष्ट कळवते आणि भेट पुढे ढकलते. यावरून विभागात नाराजी होते, पण माझा हट्ट कायम आहे. पहिला दिवस मोकळा. लांबच्या प्रवासानंतर माणसाला दुपारी चारला पहाटेचे दोन वाजल्यासारखे वाटतात, त्याच्याकडून व्याख्यान काय घ्यायचं? विद्यार्थ्यांबरोबरची बैठक गोल, व्यासपीठ नाही. फोटो शेवटच्या दिवशी.

पुढच्या सोमवारी एक तरुण संशोधक येत आहेत. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि निकाल दुभाष्याच्या शब्दांवर लागतो, त्यात काय काय हरवतं, असा त्यांचा विषय आहे. निबंध समोरच आहे. निम्मा वाचून झाला. शाळेत असताना बाबा माझ्या निबंधाच्या वहीत पेन्सिलीनं 'म्हणजे काय?' लिहायचे, तसंच अकराव्या पानावर आज मी लिहिलं आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. आई, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव, फोनवर तू टाळलंस. आता थांबते, उरलेली पानं आज संपवायची आहेत.

तुमची,
मोठी